रांगेलच्या छातीतला ताल

आमच्या ड्रेनोवो गावात सरळ असं काही नाही. रस्ता डोंगर बघून वळतो, चर्चचा मनोरा भूकंपात जो कलला तो कललेलाच आहे, आणि सरपंचाबद्दल मी बोलणार नाही, कारण तो माझा साडू आहे. पण आमचा खरा वाकडेपणा दिसतो तो नाचात. एक-दोन, एक-दोन अशा सारख्या पावलांना आमच्याकडे कोणी नाच म्हणत नाही. तसं सैनिक चालतात, आणि त्यांना त्याचा पगार मिळतो. आमचा होरो, म्हणजे हातात हात धरून चौकात फिरणारी माणसांची लांब साखळी, कधी सातवर चालतो, कधी नऊवर, आणि सगळ्यात मानाचा असतो तो अकरावर. दोन आखूड पावलं, मधे एक लांब, पुन्हा दोन आखूड. खालच्या मैदानातल्या बेलोवेट्सचे लोक जत्रेला आले की आमच्या म्हाताऱ्या त्यांचा नाच बघायला खुर्च्या घेऊन बसतात. त्या मधल्या लांब पावलावर बेलोवेट्सचा माणूस हमखास शेजारणीच्या पायावर पडतो, आणि शेजारीण आमच्या गावची असल्यामुळे ती ते आयुष्यभर लक्षात ठेवते.

या वाकड्या गावाला तालात ठेवणारा माणूस म्हणजे रांगेल. धंद्याने सुतार. दारं करायचा, टेबलं करायचा, शवपेट्या करायचा. दारांबद्दल तक्रारी यायच्या, शवपेट्यांबद्दल कधी आली नाही. पण सुतारकी हे नुसतं पोट झालं. रांगेल जो रांगेल होता तो ढोलामुळे. ढोल त्याच्याहून रुंद. एका पानावर जाड टिपरू, दुसऱ्या पानावर बोटाएवढी बारीक छडी. दुरून बघणाऱ्याला वाटायचं, ढोलालाच पाय फुटलेत आणि वर कोणीतरी टोपी ठेवली आहे.

आणि हा माणूस कधी चुकत नसे. एकदा एका लग्नात वाऱ्याने मांडव कोसळला. कापडाखाली नवरा, नवरी, दोन्हीकडचे व्याही आणि अख्खं भाजलेलं कोकरू असे सगळे एकत्र चेंगरले, आणि त्या ढिगाऱ्यातून अकराचा ताल एका मात्रेनेही न हलता येतच राहिला. लोकांनी आधी नवरीला बाहेर काढलं, मग कोकराला. रांगेलला काढायची घाई कोणी केली नाही, कारण तो जिवंत आहे हे ऐकू येत होतं.

त्याच्या जोडीला गाइदा वाजवायचा किर्चो. गाइदा म्हणजे बकरीच्या कातड्याची फुगवलेली पिशवी काखेत दाबून वाजवायची सनई, आणि किर्चो म्हणजे साधारण त्याच कातड्याचा माणूस. दोघं तरुणपणापासून एकत्र वाजवत होते आणि तेव्हापासून एकमेकांशी एक शब्द सरळ बोलले नव्हते.

"त्या बकरीला माहीत असतं की शेवटी तुझ्या काखेत यायचंय," रांगेल म्हणायचा, "तर ती लांडग्याकडे स्वतःहून गेली असती."

"दोघांतला पोकळ कोण, तू की ढोल," किर्चो म्हणायचा, "हे मला अजून कळलेलं नाही."

आमच्याकडे यालाच जिव्हाळा म्हणतात. ड्रेनोवोत ज्याची टिंगल होत नाही, तो एक तर परगावचा असतो नाहीतर नुकताच वारलेला.

तर एका फेब्रुवारीत, द्राक्षवेली छाटायच्या सणाला, आम्ही सगळे डोंगरावरच्या मळ्यांत होतो. पहिली फांदी छाटून वेलीच्या मुळाशी वाइन ओतायची आणि उरलेली आपण प्यायची, अशी रीत आहे. वेलीला फारशी मिळत नाही. रांगेल माझ्या शेजारच्या ओळीत होता. वाइन ओतता ओतता तो थांबला आणि त्याने छातीवर हात ठेवला.

"काय झालं, चिचो रांगेल?" मी विचारलं. चिचो म्हणजे काका. तो माझा काका नाही, पण शेजारी वयाने मोठा असला की तो काकाच.

"गप बस," तो म्हणाला. डोळे मिटून उभा राहिला. ओठ हलत होते. मग डोळे उघडून, वाढदिवसाची भेट मिळाल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "सात."

कुठल्याही दुसऱ्या गावातला माणूस घाबरला असता. छातीतला ठोका सरळ चालायचा सोडून लंगडायला लागला, तर माणूस खाली बसतो, बायकोला हाक मारतो, देवाला हाक मारतो. आमच्या रांगेलने मोजायला घेतलं. आयुष्यभर ज्याने सरळ ठोका हा कमअस्सल मानला, त्याचं काळीज उतारवयात का होईना वळणावर आलं, यात त्याला घाबरण्यासारखं काही दिसलंच नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही दिसलं नाही.

त्या संध्याकाळी बोन्काच्या खानावळीत किर्चोने फर्मान काढलं, "शर्ट वर कर."

रांगेलने शर्ट वर केला. किर्चोने त्याच्या छातीला कान लावला, आणि खानावळीत अशी शांतता झाली की चुलीवरची घेवड्याची आमटी रटरटताना ऐकू येत होती.

"सात कसले डोंबलाचे," किर्चो डोकं वर न काढता म्हणाला. "अकरा आहेत. तिसरा ठोका लांब आहे."

"तुला तुझ्या कानातला मळ ऐकू येतोय," रांगेल म्हणाला. "फादर, तुम्ही बघा."

फादर एव्तिम आमचे धर्मगुरू. त्यांनी दाढी बाजूला धरून कान लावला आणि बराच वेळ विचार करून नऊ सांगितले.

"मला विचाराल तर हे न पचलेलं जेवण आहे," बोन्का म्हणाली.

"तुझं जेवण कोणाला पचलंय, बोन्का?" मागून कोणीतरी विचारलं.

पैज लागली, पण ती कोणालाच जिंकता येईना, कारण ऐकणारा बदलला की आकडा बदलायचा. मग तो गावाचा एक खेळच झाला. पाहुणा आला की आधी त्याला कललेला मनोरा दाखवायचा आणि मग रांगेल ऐकवायचा. सातवाले, नऊवाले आणि अकरावाले असे गट पडले. रांगेलची बायको स्तोयना तेवढी वेगळ्या मताची होती.

"बाहेरच्या जगात याच्यासाठी डॉक्टर नावाचा माणूस असतो," ती म्हणायची.

"ती डॉक्टरीण मैदानातली आहे," रांगेल म्हणायचा. "तिला एक-दोनच्या पुढे काय येणार?"

असं ते वर्ष गेलं. मळ्याच्या चढावर रांगेल दोनदा बसायला लागला, मग जास्त वेळा. ढोल खांद्यावर घेतला की ओठ निळसर दिसायचे. दुपारी जेवला की तिथेच झोपायचा. आम्ही म्हणालो, वय. तोही म्हणाला, वय. वय ही आमच्याकडे सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

मे महिन्यात संत गेओर्गीची जत्रा आली. अंगणाअंगणात कोकरं भाजली जात होती, चौकात अकराचा होरो रंगात आला होता, आणि साखळीच्या टोकाला हातात रुमाल फिरवत सरपंचाची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, होती. आणि एकदम तिचा पाय अडखळला. तिच्या मागचा तिच्यावर आदळला, त्याच्या मागची त्याच्यावर, आणि बघता बघता अर्धा चौक जमिनीवर होता. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मेव्हणीला त्या दिवशी जे ऐकावं लागलं ते ती अजून मला ऐकवते.

पण चूक तिची नव्हती. मी ढोलाच्या जवळच उभा होतो. रांगेलचं टिपरू लांब ठोक्यावर अर्ध्यातच पडलं होतं. त्याने ते हातात उलटंपालटं करून पाहिलं, दुकानदाराने खोटं नाणं पाहावं तसं. किर्चोने गाइदा थांबवली आणि काहीतरी तिखट बोलायला तोंड उघडलं. रांगेलचा चेहरा दिसला आणि त्याने ते मिटलं.

"उद्या गाडी काढशील?" रांगेलने मला विचारलं.

जिल्ह्याच्या गावातली डॉक्टर कालेवा पन्नाशीची बाई, चष्मा डोक्यावर आणि शोधायचा टेबलावर अशी. तिने रांगेलला आडवं केलं, छातीला तारा लावल्या, आणि यंत्रातून कागदाची लांब पट्टी निघाली. ती वाचून तिने विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"वेली छाटायच्या सणापासून."

"म्हणजे तीन महिने."

"मागच्या वर्षीच्या."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "आणि मधल्या काळात तुम्ही काय करत होतात?"

"ऐकत होतो," रांगेल म्हणाला.

"कोण ऐकत होतं?"

"सगळेच. गाव."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर एक भिंत होती.

"कितीचा आहे?" रांगेलने पट्टीकडे बोट दाखवलं.

"कितीचा म्हणजे?"

"सातचा, नऊचा? लोक अकरा म्हणतात. अकराचा असेल तर मला घरी किर्चोला सांगावं लागेल, ते वाईट आहे, पण सांगेन."

"कशाचाच नाही. तो अनियमित आहे."

"अनियमित म्हणजे तुम्हाला मोजता आला नाही."

"अनियमित म्हणजे त्यात मोजण्यासारखं काही नाही," ती म्हणाली. रागावली नव्हती. पट्टी तिने त्याच्या पुढ्यात पसरली. "हे बघा. या दोन ठोक्यांत एवढं अंतर. पुढच्या दोघांत वेगळं. त्याच्या पुढे आणखी वेगळं."

"फेरा मोठा असेल. काही ताल उशिरा फिरून येतात."

"चिचो, हा फिरून येतच नाही."

"सम कुठे आहे?" रांगेलने विचारलं. हे विचारताना त्याचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "कुठूनतरी सुरू होत असेल ना? एक फेरा संपतो, दुसरा सुरू होतो, ती जागा."

"ती जागाच नाही."

मग तिने समजावून सांगितलं. काळजाला वर दोन खोल्या असतात, खाली दोन. वरच्या खोल्यांनी एकदम आकसायचं असतं. रांगेलच्या वरच्या खोल्या आकसत नव्हत्या, नुसत्या थरथरत होत्या.

"म्हणजे माडीवर शंभर ढोलकरी," रांगेल म्हणाला, "आणि प्रत्येकजण आपलंच वाजवतोय."

"बरोबर."

"आणि खालच्या मजल्यावरचे जो ठोका कानावर पडेल त्यावर पाय टाकतायत."

"मी इतकं चांगलं कधी सांगितलं नव्हतं," डॉक्टरीण म्हणाली. आणि मग, चष्मा डोक्यावरून काढून पुसत, "सुरुवातीच्या काही आठवड्यांत आला असतात तर बहुतेक सरळ करता आलं असतं. आता त्या वरच्या खोल्या ताणल्या गेल्यात. ढोलाचं पान सैल पडावं तशा."

"पान पुन्हा आवळता येतं."

"हे येत नाही," ती म्हणाली. "तरी एकदा प्रयत्न करू."

थरथरणाऱ्या खोलीत रक्त साचतं, त्याची गाठ होते, आणि ती सुटून मेंदूत गेली तर माणूस एका बाजूने लुळा पडतो. म्हणून आधी काही आठवडे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. मग त्याला घटकाभर झोपवून छातीवर विजेचा एक झटका दिला. रांगेल जागा झाला तेव्हा काळीज टिकटिक चालत होतं.

मग आम्ही गाडीने परत निघालो. डोंगराचा चढ लागला तेव्हा मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"सैनिकासारखं," तो म्हणाला.

ही बातमी त्याच्याआधी गावात पोचली. किर्चो फाटकाशी उभाच होता. "या, या, बेलोवेट्सकर," तो म्हणाला. "तुमच्यासाठी आता मिरवणुकीचा बँड आणू का?" खानावळीत लोकांनी त्याला उठून सलाम ठोकला. बोन्काने त्याच्यापुढे राकियाऐवजी, म्हणजे आमच्या फळांच्या कडक दारूऐवजी, दूध ठेवलं. रांगेलने सगळ्यांना त्यांच्या आयांवरून उत्तरं दिली, आणि मी त्याला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो मळ्याच्या टोकापर्यंत न बसता चढला. अंगणात ढोल काढला आणि किर्चोबरोबर अकरा वाजवले, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एखादा खिळा ठोकावा तसे. स्तोयना धुणं वाळत घालत होती. तिने ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकला आणि दोन फेऱ्या नाचली.

आठवडाही झाला नसेल. सकाळी आमटी खाताना रांगेलचा चमचा तोंडाच्या वाटेवर थांबला. मी त्याच्याकडे रंधा मागायला गेलो होतो, म्हणून पाहिलं. त्याचा दुसरा हात छातीवर गेला. स्तोयनाने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या हातातून चमचा काढून घेतला आणि ताटलीत ठेवला.

दुसरा झटका दिला. या वेळी काळीज दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतसुद्धा सरळ राहिलं नाही. डॉक्टर कालेवा म्हणाली, "आता याला सरळ करायच्या मागे लागायचं नाही. आता याच्यासोबत राहायचं."

"किती दिवस?" रांगेलने विचारलं.

"कायम," ती म्हणाली.

सोबत राहायचं म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. ठोक्यांचा वेग आवरायला एक गोळी, गाठ होऊ नये म्हणून दुसरी. पहिलीने हातपाय लोकरीचे झाले, दुसरीने कातडी कागदाची. ढोल लटकवला की पट्ट्याखाली खांदा काळानिळा, आणि मांडीला ढोलाची कड लागते तिथे वांग्याएवढा डाग. राकिया बंद. गाव मदतीला धावलं, आणि आमचं गाव मदतीला धावलं की पळून जावं. रानात ग्लोगची लाल फळं येतात, ती काळजाला चांगली, असं आमच्याकडे सगळे मानतात. घराघरातून ग्लोगच्या बाटल्या आल्या. फळं अर्थातच राकियात बुडवलेली. स्तोयनाने सगळ्या बाटल्या घेतल्या, सगळ्यांचे आभार मानले, आणि कुंपणाशी ओतून दिल्या. त्या वर्षी तिथली खाजरी झुडपं माणसाएवढी वाढली.

डॉक्टरणीने स्तोयनाला आणखी एक काम नेमून दिलं होतं. रोज सकाळी नवऱ्याला हसायला सांगायचं. तोंडाचा एक कोपरा खाली राहिला, तर ताबडतोब दवाखाना. झालं. रोज सकाळी रांगेल खाटेच्या काठावर बसायचा आणि स्तोयना समोर उभी राहायची.

"हस."

रांगेल दात दाखवायचा.

"लग्न झाल्यापासून यांचे इतके दात मी पाहिले नव्हते," ती आम्हाला सांगायची. "मागचे दोन नाहीतच. मला कोणी सांगितलं नव्हतं."

हे सगळं रांगेलने सोसलं. गोळ्या घेतल्या, दूध प्यायला, दात दाखवले. त्याला फक्त एकच हवं होतं. त्याला ढोल हवा होता. आणि त्याची खात्री होती की छातीतल्या त्या तालाचा आकडा सापडला, तर ढोल परत मिळेल. जो ताल कळला तो वाजवता येतो, आणि जो वाजवता येतो तो आपल्याला चुकवत नाही, असा त्याचा हिशोब होता. म्हणून तो मोजत राहिला. मनगटावर बोटं ठेवून जेवायचा. फळ्या तासताना रंधा अर्ध्यावर थांबवून ऐकायचा. दवाखान्यातली पट्टी त्याने आपल्या सुतारकामाच्या खोलीत भिंतीला ठोकली होती. तिच्यावरून बोट फिरवत तो बाकावर टिपरू मारायचा, डावीकडून उजवीकडे. पट्टी संपली की पुन्हा डावीकडून.

"एक तर जेव, नाहीतर मोज," स्तोयना म्हणायची.

"आत्ता लागत होता."

"काय?"

"नवाचा एक तुकडा आला. मग गेला."

त्या पानगळीत किर्चो गाइदा घेऊन आला. कुठल्याशा लग्नाची सुपारी होती. अंगणात रांगेलने ढोल लटकवला. स्तोयनाने पट्ट्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवला. किर्चोने पिशवी फुगवली आणि अकराचा होरो सुरू केला. पहिला फेरा ठीक गेला. दुसराही. तिसऱ्यात मला वाटलं की लांब ठोका जरा लवकर आला. चौथ्यात ढोल आणि गाइदा दोन वेगळ्या गावांत होते. रांगेल थांबला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तसंच.

"आतून आवाज येतो," रांगेल म्हणाला. "हात त्याचं ऐकतो. मी नको म्हणतो तरी त्याचंच ऐकतो."

मी किर्चोकडे पाहिलं. तोंडातून शिवी निघायला एवढी चांगली जागा आयुष्यात पुन्हा मिळाली नसती. बेलोवेट्स होतं, सैनिक होते, पोकळ ढोल होता. किर्चोने गाइदाची हवा सावकाश सोडली. कातडं फुसफुसत बसलं.

"दमला असशील," तो म्हणाला. "थंडीपण आहे. आराम कर, रांगेल."

रांगेलने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. डॉक्टरणीने 'कायम' म्हटलं तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता.

त्यानंतर ते गोड बोलणं सगळ्या गावातच पसरलं, सर्दीसारखं. खानावळीत रांगेल शिरला की लोक खुर्ची पुढे करायचे. बोन्का चुलीजवळची जागा द्यायची. "कसं आहे, चिचो रांगेल?" "बरं दिसतंय आज." त्याच्या मागच्या दोन दातांबद्दलसुद्धा कोणी काही बोलेना. फादर एव्तिमनी एकदा त्याचं आवडतं भजन म्हटलं. रांगेल कोणाला तरी डिवचून बघायचा. फादरना म्हणाला, "तुमच्या दाढीत अजून मागच्या ईस्टरचं अंडं आहे." फादर मायेने हसले आणि म्हणाले, "असेल, असेल." मग रांगेलने खानावळीत जाणं सोडलं.

मी एकट्याने नेटाने प्रयत्न केला. त्याच्या दारांना नावं ठेवली, त्याच्या टोपीला नावं ठेवली.

"राहू दे," तो एकदा म्हणाला. "तू आधी विचार करून बोलतोस आता. कळतं मला."

पुढची संत गेओर्गीची जत्रा आली. किर्चोने ढोलकरी आणला होता तो बेलोवेट्सचा. चाळिशीतला उंच माणूस, नाव यावोर. त्याची आई ड्रेनोवोची होती, एवढंच आमचं समाधान. रांगेल यायला तयार नव्हता. स्तोयनाने त्याला पांढरा शर्ट घातला आणि बाकावर आणून बसवलं, चौकाच्या कडेला, मनोऱ्याच्या सावलीत. मी त्याच्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला.

यावोरने सातवर सुरुवात केली. मग नऊ. मी मनातल्या मनात संत गेओर्गीला सांगत होतो की याला एकदा तरी चुकव, चौकाच्या मधोमध, सगळ्यांसमोर. पण आमच्या संताचं लक्ष नेहमी कोकरांकडे असतं. यावोर चुकला नाही. मेव्हणीचा रुमाल फिरत राहिला, कोणी कोणावर पडलं नाही. म्हाताऱ्यांनी खुर्च्या उगाच आणल्या होत्या.

रांगेलची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. मी ते हसून बघत होतो, आणि मग माझं हसू गेलं. बोटं ढोलाबरोबर नव्हती. त्यालाही ते दिसलं. दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसं त्याने थोडा वेळ त्या हाताकडे बघितलं, आणि मग तो मांडीखाली घालून त्यावर बसला.

विश्रांती झाली तेव्हा किर्चो आमच्याकडे आला. घामाने निथळत होता, गाइदा काखेत होती. रांगेलसमोर उभा राहिला. गाइदाची नळी शर्टाला उगाच पुसत राहिला. असा किर्चो मी कधी पाहिला नव्हता.

"शर्ट वर कर," तो शेवटी म्हणाला.

"कशाला?"

"कर म्हणतो ना."

रांगेलने मोकळ्या हाताने शर्टाची बटणं सोडली. किर्चो गुडघ्यावर बसला आणि त्याने कान लावला. आजूबाजूची माणसं गप्प झाली, मग त्यांच्या मागची, आणि मग सगळा चौक. किर्चो बराच वेळ ऐकत होता. त्याचा चेहरा माझ्या बाजूला होता. तीस वर्षं लग्नं वाजवलेल्या माणसाला ताल नसलेला आवाज कळायला किती वेळ लागणार? डोळे मिटलेले होते आणि हनुवटी हलत होती.

त्याने डोकं वर काढलं. "अकरा," तो म्हणाला. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. अकरा."

"आणि अकरानंतर?" रांगेलने विचारलं.

"पुन्हा अकरा."

आमच्या गावात माणूस बायकोशी खोटं बोलतो, कर खात्याशी बोलतो, कबुलीजबाबात फादरशीही बोलतो. पण तालाच्या बाबतीत खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. रांगेलने किर्चोच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं. मग त्याच एका हाताने सावकाश बटणं लावली.

"मग वाजव की," तो म्हणाला. "बघत काय बसलास?"

किर्चो उठला, चौकाच्या मधे गेला, यावोरच्या कानात काहीतरी बोलला. आणि गावाला ओरडून सांगितलं, "हा रांगेलच्या काळजाचा होरो. बसलेल्यांनी उठायचं."

सगळे उठले. फादर एव्तिम उठले, बोन्का ॲप्रनसकट उठली, खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या उठल्या. इतकी लांब साखळी त्या चौकात कधी झाली नव्हती. ती वळून वळून तीन पदरी झाली आणि तरी शेपूट चर्चच्या दारापर्यंत होतं. दोन आखूड, एक लांब, दोन आखूड. लांब पावलावर अख्खं गाव एकदम खाली जायचं आणि एकदम वर यायचं. लोक नाचता नाचता आमच्या बाकाकडे बघून हसत होते, काहीजण रडत होते, आणि सगळ्यांना फार बरं वाटत होतं.

रांगेलने मांडीखालचा हात काढला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली. डोकं जरासं तिरकं करून, एक कान चौकाकडे ठेवून, तो मोजायला लागला. मी त्याचे ओठ बघत होतो. ते हलले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून हलले. पुन्हा थांबले.

मग त्याने बोटं मनगटावरून उचलली आणि शर्टाची बाही खाली ओढून घेतली.

"जुळतंय?" स्तोयनाने विचारलं.

"जुळतंय," रांगेल म्हणाला.

स्तोयनाने त्याच्याकडे वळून बघितलं. तिने रुमाल काढला, त्याच्या कपाळावरचा घाम टिपला, आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "हस बघू."

तो हसला. तोंडाचे दोन्ही कोपरे सारखे वर गेले. तिने ते नीट पाहिलं, मान हलवली, आणि रुमाल घडी करून पिशवीत ठेवला.